उत्तराआधी

मंगळवारी दुपारी सव्वादोन वाजता जूरीच्या खोलीचं दार आतून ठोठावलं गेलं. बेलिफने ते बोटभर उघडलं, आतून आलेला दुमडलेला कागद घेतला आणि जजसाहेबांच्या चेंबरकडे नेला. थोड्याच वेळात सगळ्यांना कोर्टात बोलावलं गेलं. निकाल लागला नव्हता. बारा जणांना एका साक्षीदाराची साक्ष पुन्हा ऐकायची होती. सरकार पक्षाच्या या साक्षीदाराचं नाव आर्विड नायगार्ड, राहणार डुलुथ, रेल्वेतून निवृत्त झालेला सिग्नलमन. तीही सबंध साक्ष नको होती. फक्त बचावाच्या वकिलांनी घेतलेली उलटतपासणी.

बचावाची वकील लोइस हाउताला हिला ते ऐकून बरं वाटलं. तिने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही, ती सवय हाडात मुरलेली होती. पण टेबलाखाली तिने डावा पाय बुटातून अर्धा बाहेर काढला, जसा ती घरी आल्यावर काढायची. शेजारी तिचा अशील कर्टिस ओडेगार्ड बसला होता; गावातलं धुराडं, म्हणजे मासे धुरावर सुकवायचा कारखाना, रात्री पेटवल्याचा त्याच्यावर आरोप होता. त्याने मान तिरकी करून हळूच विचारलं, "चांगलं की वाईट, मॅडम?" "चांगलं," ती म्हणाली. तिला तसं मनापासून वाटत होतं. सबंध खटल्यात तिच्या हाती आलेली एकच वस्तू त्या उलटतपासणीत होती आणि जूरी आता नेमकी तीच मागत होती. गुरुवारी दुपारी नायगार्डला तिने मोजके प्रश्न विचारले होते. अंगणातला दिवा किती लांब होता, बर्फ पडत होतं का, चष्मा कुठला होता. म्हातारा सरळ बसून उत्तरं देत होता. मग तिने आवाज अजिबात न चढवता विचारलं होतं, "मिस्टर नायगार्ड, धुराड्याच्या मागच्या दारातून जो माणूस बाहेर आला, त्याचा चेहरा तुम्हाला दिसला?" आणि नायगार्ड थांबला होता. तो खिडकीकडे बघत होता. खिडकीबाहेर गोठलेलं सरोवर होतं, त्याच्यावर काहीच हलत नव्हतं. हीटरच्या नळात पाणी ठकठकलं, ते थांबलं, पुन्हा ठकठकलं. कोणीतरी खोकणार होतं पण खोकलं नाही. लोइस तिथेच उभी राहिली होती, हात टेबलावर टेकवून, आणि आपण हललो तर हे फुटेल अशा सावधपणे श्वास घेत होती. मग नायगार्ड म्हणाला, "हो." ती म्हणाली, "आणखी प्रश्न नाहीत," आणि खाली बसली. बसताना तिच्या मनात आलं होतं की आपण बरीच वर्षं या धंद्यात आहोत, पण इतकी चांगली गोष्ट आपल्या हातून क्वचितच झालीय.

आता वेंडेल प्राइस उभा राहिला. वेंडेल त्या कोर्टाचा लघुलेखक, उंच, वाकलेला, नेहमी खोकल्याच्या गोळीचा वास येणारा. मशीनमधून निघालेल्या कागदाच्या घड्या त्याने बोटांनी उलगडल्या, जागा शोधली आणि वाचायला लागला. नियमाप्रमाणे त्याने आवाजात चढउतार येऊ दिला नाही. सामानाची यादी वाचावी तसा तो वाचत गेला. प्रश्न, तो दिवा तुमच्या खिडकीपासून किती लांब असेल. उत्तर, रस्त्याच्या पलीकडे, अंगण ओलांडून. प्रश्न, बर्फ पडत होतं का. उत्तर, संध्याकाळी थांबलं होतं. प्रश्न, मिस्टर नायगार्ड, धुराड्याच्या मागच्या दारातून जो माणूस बाहेर आला त्याचा चेहरा तुम्हाला दिसला. उत्तर, हो. मिसेस हाउताला, आणखी प्रश्न नाहीत. वेंडेलने घडी मिटली आणि बसला.

बस, एवढंच. प्रश्न आणि "हो" यांच्यामध्ये "उत्तर" हा एक शब्द होता, वेंडेलच्या तोंडचा. वाचून झालं तेव्हा नायगार्ड हा न डगमगणारा, ठाम, अगदी आदर्श साक्षीदार झाला होता.

लोइसला पहिल्यांदा जाणवलं ते असं की जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पाय सरळ जमिनीला लागावा. तिने वेंडेलकडे पाहिलं. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, त्याचं काम झालं होतं. तिच्या मनात एक वाक्य आपोआप उभं राहिलं, वकिलीच्या पहिल्या वर्षात शिकवतात ते: साक्षीदार उत्तर देण्यापूर्वी बराच वेळ थांबला, याची नोंद व्हावी. एवढं म्हटलं असतं तर वेंडेलने ते टिपलं असतं आणि आज वाचलंही असतं. तिला ते गुरुवारी सुचलं नव्हतं असं नाही. सुचलं होतं, जिभेवर आलंही होतं. पण ते म्हणायचं म्हणजे ती शांतता आपल्याच हाताने मोडायची. हीटर ठकठकतोय, बारा माणसं श्वास रोखून बसलीयत, आणि मध्येच वकील सांगतेय, पाहा हं, शांतता आहे. ते तिला घाणेरडं वाटलं होतं. अनेक वर्षांपूर्वी वेंडेल एकदा उपाहारगृहात सूप पिताना म्हणाला होता, "लोइस, तू फार गप्प बसतेस माझ्या कोर्टात. मी बोललेलं टिपतो. न बोललेलं टिपायचं तर पगार वाढवून मागावा लागेल." ती हसली होती. म्हणाली होती, "मग माग की! काउंटी सरकार काय, देऊन टाकेल."

अखेरच्या युक्तिवादातही ती त्याबद्दल बोलली नव्हती. तो तिचा बेतच होता. नवे वकील कधीकधी तिला जेवायला नेत आणि जूरीबद्दल विचारत, तेव्हा ती एकच गोष्ट सांगायची: तुम्ही जूरीच्या हातात जे ठेवता ते ती निघताना टेबलावर विसरून जाते, तिला स्वतःला जे सापडतं ते ती सोडत नाही, कारण ते तिचं असतं. म्हणून दाखवू नका. वाटेत ठेवा आणि बाजूला व्हा. सरकारी वकील ब्रेंट टोलेफसन दोन तास बोलला होता. कर्टिसला सप्टेंबरमध्ये मासे धुरावण्याच्या त्या कारखान्यातून काढलं, बारमध्ये तो "जळून जाऊ दे ते धुराडं" असं म्हणाला, त्याच्या जाकिटाला रॉकेलचा वास येत होता, आग विझवताना एका जवानाचा हात भाजला, आणि या सगळ्यावर नायगार्डचे डोळे. लोइसने रॉकेलचं उत्तर दिलं, गावात अर्ध्या घरांच्या स्टोव्हमध्ये रॉकेलच जळतं. बारचं उत्तर दिलं, नोकरी गेलेला माणूस बारमध्ये काय आशीर्वाद देतो? आणि नायगार्डबद्दल एवढंच म्हणाली, "तुम्ही त्यांना ऐकलंत. तुम्ही तिथे होतात." तिला वाटलं होतं हे पुरेसं आहे.

बारा जण आत जाण्यासाठी उठले तेव्हा तिने त्यांचे चेहरे पाहिले. कोणाच्याही चेहऱ्यावर काही हरवल्याचं चिन्ह नव्हतं. चार नंबरचा, लोहखनिज वाहणाऱ्या बोटीवर आयुष्य काढलेला जाडसर माणूस, वेंडेलने "हो" वाचलं तेव्हा मान डोलावून गेला होता, आपल्याला आठवत होतं तसंच निघालं म्हणून. फक्त नऊ नंबरची, शिकागोहून इथे येऊन राहिलेली शिक्षिका, जाता जाता वेंडेलच्या मशीनकडे वळून बघत होती, कोणीतरी पान गाळलं असावं तशी. ही नऊ नंबर लोइसला नकोच होती. जूरी निवडताना तिचं नाव खोडायचं होतं, पण नावं खोडण्याचे तिच्या वाट्याचे हक्क तोवर संपले होते. ही बाई प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देत होती. आणि लोइसची माणसं निवडण्याची रीत नेमकी उलटी होती: ती एखादा साधाच प्रश्न विचारायची, तुम्ही सकाळी वर्तमानपत्र कुठून उघडता, आणि उत्तराकडे लक्षच द्यायची नाही, माणूस उत्तराआधी किती थांबतो ते पाहायची. थांबणारी माणसं तिला हवी असत. ज्यांना शांतता सोसते त्यांना ती ऐकूही येत असेल, असं तिने गृहीत धरलं होतं. टोलेफसन घाईची माणसं ठेवायचा, ती सावकाश माणसं ठेवायची, आणि या खटल्यात तिने सावकाश माणसांनी जूरीच्या जवळजवळ सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या. खाणींकडचे, बंदरावरचे, शेताकडचे. लुंड, माकिनेन, स्टेनबर्ग. तिच्याच घरच्यासारखी माणसं.

तिच्याच घरच्यासारखी. ती कोर्टाबाहेरच्या लांब बाकावर येऊन बसली आणि तिचे वडील, एइनो, तिच्या शेजारी येऊन बसले म्हणावं इतके स्पष्ट तिला आठवले. कानाच्या पाळीवर खाणीतल्या लोखंडाची तांबूस धूळ, जी सौनात, वाफेच्या खोलीत, बसूनही कधी पुरती जायची नाही. आई विचारायची, "कॉफी घेणार?" वडील खिडकीकडे बघायचे. बराच वेळ. जणू कॉफीच्या बाजूने आणि कॉफीच्या विरुद्ध असे दोन्ही पक्ष ऐकून घेत असावेत. मग म्हणायचे, "हो." त्यांनी जन्मात एकदाही कॉफीला नाही म्हटलं नव्हतं. तोवर आईने कपात ओतून साखरेचा खडाही बशीत ठेवलेला असायचा. त्या घरात कोणालाही ते थांबणं दिसत नव्हतं. हवेसारखं होतं ते. दिसायचं ते फक्त परक्यांना. एकदा विम्याचा माणूस आला होता, मिनिआपोलिसचा, चकचकीत बूट घातलेला. त्याने विचारलं, "छप्पर गळतं का?" वडील वर बघत राहिले. माणूस पेन घेऊन वाट पाहत होता, मग आईकडे बघून डोळा मारल्यासारखं हसला. वडील म्हणाले, "नाही." "नक्की?" तो म्हणाला, "मग इतका वेळ कसला लागला हो आजोबा?" तेव्हा वडील आजोबा नव्हते, पन्नाशीही झाली नव्हती. तो शिडी मागवून माळ्यावर चढला, अर्धा तास वर खडखडत होता, खाली आला तो कोळिष्टकं केसात घेऊन. छप्पर कुठेही गळत नव्हतं. वडील त्याला एवढंच म्हणाले, "तुम्ही विचारलंत, म्हणून आठवून पाहिलं." हा किस्सा लोइसने किती पार्ट्यांत सांगितला असेल. वडिलांची नक्कल करून, खिडकीकडे बघून. लोक हसून लोटपोट व्हायचे. आणि गुरुवारी नायगार्ड खिडकीकडे बघत होता तेव्हा ती त्या विम्याच्या माणसासारखी उभी राहिली, जणू पेन हातात घेऊन.

तिला हे फार शांतपणे कळलं. घाबरली नाही. उलट डोकं लख्ख झालं, थंडीत बाहेर पडल्यावर होतं तसं. तिने ज्यांना निवडलं होतं त्यांना ती शांतता ऐकूच गेली नव्हती. त्यांच्या लेखी नायगार्ड थांबलाच नव्हता; त्याला विचारलं गेलं आणि त्याने उत्तर दिलं, माणूस देतो तसं. ज्या एका बाईला ऐकू गेली तिला लोइस घालवणार होती. आणि याच्याही खाली आणखी एक गोष्ट होती, तिथे हात घालायची तिची इच्छा नव्हती, पण हात गेलाच. नायगार्ड आठवून पाहत होता. असं असेल तर त्याने आठवून काय पाहिलं? तुरुंगातल्या पहिल्या भेटीत तिने कर्टिसला विचारलं होतं, त्या रात्री कुठे होतास. केलंस का, असं ती कधीच कोणाला विचारत नसे. तो प्रश्न तिच्या कामाचा नव्हता. कुठे होतास, एवढंच. आणि कर्टिस प्रश्न संपायच्या आत म्हणाला होता, "घरी." तेव्हा ते झटकन येणं तिला आवडलं होतं. सरळ माणूस वाटला होता.

"बसू का?" टोलेफसन होता. तरुण, नीट भांग पाडलेला, सिगारेट पेटवायच्या बेतात. बसून त्याने पाय लांब केले. "नायगार्ड म्हातारा आज फारच फाकडा बोलला."

"वेंडेलच्या आवाजात सगळेच फाकडे बोलतात."

"मी गुरुवारी घामाघूम झालो होतो, खरं सांगतो. म्हटलं, आता हा काय म्हणतोय! आणि तुम्ही नोंद मागितली नाहीत." त्याने तिच्याकडे पाहिलं, खवचटपणा नव्हता, कुतूहल होतं. "का नाही मागितलीत?"

"तुम्ही माझ्या वयाचे झालात की सांगेन."

"म्हणजे कधीच नाही. तोवर तुम्ही नसाल." दोघंही हसले. मग त्याने सिगारेट खिशात परत टाकली. "ऐका, लोइस. कबुली दिली तर दोन वर्षं. नीट वागला तर आधीच बाहेर. निकाल विरुद्ध गेला तर मी सात मागणार, आणि जज रॅडमन सात देणार, जवानाचा हात त्यांनी पाहिलाय. ही ऑफर निकालाची टकटक होईपर्यंत. नंतर मी तुम्हाला ओळखत नाही."

"आधी एकच वर्ष होतं."

"आधी मला तुमचा केस जिंकण्याचा चेहरा दिसत होता."

"आता?"

"आता तुम्ही एक बूट काढून बसलायत, बाई."

तिने खाली पाहिलं. खरंच तसं होतं. तिने पाय बुटात घातला आणि उठली.

कर्टिसला कोर्टामागच्या छोट्या खोलीत बसवलेलं होतं. चाळिशीचा माणूस, मासे साफ करून करून बोटं जाडजूड झालेली, नखांखाली धुराचा पिवळा रंग अजून टिकून. सँडविच त्याने अर्धं खाल्लं होतं आणि उरलेलं कागदात परत नीट गुंडाळलं होतं. लोइसने त्याला ऑफर सांगितली. दोन आणि सात. आकडे तिने आवाज सारखा ठेवून सांगितले. शेवटी म्हणाली, "हे मला तुला सांगणं भाग आहे. ठरवायचं तू."

"मघाशी तर म्हणालात चांगलं आहे."

"मघाशी मला तसं वाटलं होतं."

"आणि आता? खरं सांगा, मॅडम. तुम्हाला काय वाटतं?"

लोइस भिंतीकडे बघत होती. भिंतीवर जुन्या रंगाचा पोपडा सुटून त्याचा एक लांबट तुकडा लोंबत होता. तिला खरं उत्तर द्यायचं होतं, म्हणून ती ते शोधत होती. नऊ नंबर एकटी किती तग धरेल? चार नंबर ऐकणाऱ्यांतला आहे का? सावकाश माणसं सावकाश मन बदलतात, पण बदलतातही. या माणसाने आग लावली का? हा प्रश्न तिच्या कामाचा नव्हता, तरी तो तिथे होता, पोपड्यासारखा लोंबत.

"कळलं," कर्टिस म्हणाला.

"काय कळलं? मी अजून बोलले नाही."

"तेच की."

"नाही, कर्टिस. मी विचार करत होते. थांबणं म्हणजे वाईट असं नसतं." बोलता बोलता तिला स्वतःचंच हसू आलं, आणि ते तिने दाबलं. "मी म्हणेन, पन्नास-पन्नास. आणि पन्नास-पन्नासवर मी स्वतः सात वर्षं लावली नसती. पण ती माझी सात वर्षं नाहीत."

"तुम्ही मला एकदासुद्धा विचारलं नाही," तो म्हणाला. "मी केलं का ते."

"मी कोणालाच विचारत नाही."

"ते बरंय का?"

याचं उत्तर तिच्याजवळ अनेक वर्षं तयार होतं. ते ती वकिलांच्या जेवणात छान सांगायची. आत्ता ते तिला आठवलं, शब्द सगळे जागेवर होते, पण तिने ते म्हटलं नाही. तेवढ्यात बेलिफने दार वाजवलं. निकाल नव्हता, दुसरी चिठ्ठी होती.

चेंबरमध्ये जज रॅडमन कोट काढून बसले होते. चिठ्ठी त्यांनी चष्म्याखालून दोनदा वाचली आणि मग मोठ्याने. अक्षर शाळेतल्या फळ्यावरचं, गोलसर, नीट. *चेहरा दिसला का या प्रश्नानंतर साक्षीदार उत्तर देण्याआधी थांबला होता का? वाचून दाखवलं त्यात ते कळलं नाही. आमच्यात याबद्दल एकमत नाही.*

"तो थांबला होता, साहेब," लोइस म्हणाली. "चांगला लांब थांबला. तुम्ही समोरच होतात."

"मी समोर होतो, मिसेस हाउताला, पण मी लिहीत होतो. वेंडेल?"

वेंडेल दाराशी उभा होता. "माझ्याकडे काही नाही, साहेब. प्रश्न आणि उत्तर."

"मिस्टर टोलेफसन?"

टोलेफसनने टायची गाठ सारखी केली. लोइसने त्याच्याकडे पाहिलं आणि क्षणभर तिला वाटलं हा म्हणेल, हो, थांबला होता, मी घामाघूम झालो होतो. तो म्हणाला, "रेकॉर्डवर जे नाही ते कोर्टाने जूरीला सांगणं बरोबर होणार नाही. जूरीने आपल्या आठवणीवर भिस्त ठेवावी."

"मिसेस हाउताला, कायदा त्यांच्या बाजूने आहे."

"ठाऊक आहे."

"तुम्ही नोंद मागायला हवी होती."

"तेही ठाऊक आहे, साहेब."

रॅडमन तिच्याकडे बघत राहिले. ते तिला तीस वर्षं ओळखत होते. त्यांनी कागद पुढे ओढला आणि चिठ्ठीच्या खालच्या रिकाम्या जागेत एक ओळ लिहिली. *याचं उत्तर मी देऊ शकत नाही. तुम्ही ऐकलं आणि पाहिलं ते आठवून तुम्हीच ठरवायचं आहे.* खाली सही केली. लोइसने ती ओळ उलटी वाचली आणि तिच्या मनात आलं, आता आत बारा माणसं खिडकीकडे बघत बसतील. निदान तेवढं तरी होईल. नऊ नंबर म्हणेल, तो थांबला होता. चार नंबर आठवून पाहील. त्याला वेळ लागेल, आणि तो वेळ तिकडे कोणी मोजणार नाही.

बेलिफ कागद घेऊन गेला. दार उघडल्याचा आणि मिटल्याचा आवाज आला.

ती मागच्या खोलीत परत आली. टोलेफसन व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा होता, या वेळी सिगारेट पेटवलेली. त्याने घड्याळाकडे बोट दाखवलं नाही, नुसती मान हलवली. ऑफर अजून होती. तिने कर्टिसला चिठ्ठीत काय होतं ते सांगितलं, जजने काय लिहिलं ते सांगितलं, आणि त्याच्या समोरच्या खुर्चीत बसली. कबुलीचा कागद तिने टेबलावर ठेवला, पेन त्याच्या शेजारी, त्याच्याकडे न सरकवता.

"घाई नाही," ती म्हणाली. मग म्हणाली, "म्हणजे आहे. पण तरी." आणि मग, ती कधीच कोणाला विचारत नसे ते तिने विचारलं. "कर्टिस, तू लावलीस का आग?"

पावणेचार वाजले होते. जूरीच्या दारातून काही आवाज आलेला नव्हता. खोलीला खिडकी नव्हती. कर्टिस ओडेगार्ड समोरच्या भिंतीकडे बघत होता आणि त्याने अजून उत्तर दिलेलं नव्हतं.